स्वस्तातलं पहिलं धनुष्य: ६२ इंची टेकडाऊन रिकर्व्ह आणि त्याच्यासोबतचा सगळा पसारा

निकाल आधीच सांगून टाकते. पारंपरिक तिरंदाजी शिकायचीये, खिसा फार मोठा नाही, तर लाकडी रायझरचं ६२ इंची टेकडाऊन रिकर्व्ह घ्या, लिम्ब २० नाहीतर २५ पाउंडाचे घ्या आणि धनुष्यावर जे पैसे वाचतील ते सगळे बाणांवर घाला. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबलं तरी चालेल, बाकीच्यांसाठी खाली भरपूर लांबण लावलीये कारण या विषयावर मला गप्प बसता येत नाही.

टेकडाऊन म्हणजे सुटं होणारं धनुष्य, आणि रिकर्व्ह म्हणजे ज्याची टोकं पुढे वळलेली असतात ते. मधला हातात धरायचा लाकडी भाग तो रायझर, आणि वरखालची दोन पाती म्हणजे लिम्ब, ती बोल्टने रायझरला बसतात. आत मेपलसारख्या लाकडाचा गाभा आणि दोन्ही बाजूंनी फायबरग्लासचा पातळ थर, म्हणजे हे काही राम-अर्जुनाच्या काळचं धनुष्य नाहीये, पण साईट (नेम धरायला लावतात ती खूण) नाही, चाकं नाहीत, तोल सांभाळणारे स्टॅबिलायझरचे दांडे नाहीत, नुसता डोळा हात आणि दोरी, म्हणून याला पारंपरिकच म्हणतात. या वर्गात सगळ्यात जास्त ऐकू येणारं नाव म्हणजे कोरियन सामिक कंपनीचं सेज. ६२ इंच लांबी, २५ पाउंडापासून पुढे पाच-पाचच्या टप्प्यांनी लिम्ब, वर्षानुवर्षं नवख्या माणसाला हेच हातात दिलं जायचं. आता त्याच धर्तीची बरीच धनुष्यं निघालीत, साउथवेस्ट आर्चरीचं स्पायडर वगैरे, शिवाय अशीही कित्येक ज्यांच्यावर नाव वेगळं आणि आतला माल तोच. खरं सांगायचं तर या किमतीच्या पट्ट्यात दोन नावांमध्ये जितका फरक सांगतात तितका तो नवशिक्याच्या हाताला कळत नाही, त्यामुळे नावावरून रात्र रात्र जागून डोकं खाण्यात अर्थ नाही.

चांगलं काय ते सांगते. सुटं होतं म्हणून साध्या बॅगेत मावतं. एक लिम्ब खराब झाला तर अख्खं धनुष्य फेकावं लागत नाही. आणि सगळ्यात मोठा फायदा, ज्यासाठी मी वन-पीस सोडून हेच सुचवते, तो हा की ताकद वाढली की फक्त लिम्ब बदलायचे, रायझर तोच, हाताला बसलेली ग्रिप तीच. बहुतेक मॉडेलच्या रायझरमध्ये पितळी बुशिंग, म्हणजे आट्यांची भोकं, आधीच बसवलेले असतात, म्हणजे उद्या तुम्हाला प्लंजर (बाणाला बाजूने टेकू देणारी स्प्रिंगची खिट्टी) लावावासा वाटला किंवा साईट लावून बघावीशी वाटली तर ड्रिल घेऊन बसायला नको.

आता वाईट. ग्रिप जाडजूड असते, लहान हाताच्या माणसाला तर ओंडका धरल्याचा भास होतो, काही जण सॅंडपेपरने घासून आपल्या हातासारखी करतात आणि ते अगदी योग्य आहे फक्त वॉरंटी विसरा. सोबत येणारी दोरी चालण्यापुरती असते. बाण सोडल्यावर थोडा आवाज आणि हाताला थोडा धक्का जाणवतो, महागड्या धनुष्यात तो कमी असतो. लिम्ब रायझरवर जिथे बसतो ती जागा नीट घासलेली आहे का हे डब्यातून काढल्या काढल्या बघायचं. दोरी चढवा, धनुष्य समोर धरा आणि दोरी दोन्ही लिम्बच्या बरोबर मधून जातेय का ते पाहा. एका बाजूला सरकलेली दिसली तर बोल्ट सैल करून परत बसवा, तरीही तसंच असेल तर परत पाठवा, लाजू नका.

आता वजनाचं, म्हणजे ड्रॉ वेटचं. इथेच सगळ्यात जास्त लोकं गंडतात आणि गंडतात ते स्वस्तात नाही. धनुष्यावर जो पाउंडाचा आकडा लिहिलेला असतो तो २८ इंच खेचल्यावरचा असतो. तुमचे हात लांब असतील आणि तुम्ही ३० खेचलंत तर आकडा वाढतो, २६ खेचलंत तर कमी होतो, साधारण इंचाला दोन ते तीन पाउंड या हिशोबाने. आपली ड्रॉ लेंथ, म्हणजे आपण किती खेचतो ती लांबी, किती याचा कच्चा अंदाज काढायचा तर दोन्ही हात आडवे पसरायचे, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजायचं आणि अडीचने भागायचं. समजा १७० सेंटीमीटर आलं तर ६८ सेंटीमीटर, म्हणजे पावणेसत्तावीस इंचाच्या आसपास. अशा माणसाच्या हातात २५ पाउंडाचं धनुष्य प्रत्यक्षात बावीस-तेवीस पाउंडाचंच असतं. आणि हो, हा अंदाजच आहे, खरी लांबी फॉर्म, म्हणजे उभं राहायची आणि खेचायची ढब, नीट बसल्यावरच कळते, पहिले काही आठवडे ती वाढतच जाते.

मग किती घ्यायचं? मोठ्या माणसाने २० ते २५. व्यायाम करणारा, खांदे तयार असलेला माणूस असेल तर २८-३०, त्याच्या वर नाही. मुलांना दहा ते पंधरा, अगदी छान चालतं. हे वाचून जिममध्ये जाणारी मंडळी नेहमी हसतात की २५ पाउंड म्हणजे अकरा-साडेअकरा किलो, ते तर मी एका हाताने उचलतो. उचलत असशील बाबा, पण इथे वजन उचलायचं नाहीये, पाठीच्या एरवी कधी न वापरलेल्या स्नायूंनी ते खेचून हनुवटीपाशी आणायचं आणि शांतपणे धरून नेम धरायचा. कंपाउंड नावाच्या आधुनिक धनुष्यात चाकं असतात म्हणून पूर्ण खेचल्यावर हातावरचं वजन एकदम हलकं होतं, रिकर्व्हमध्ये तसलं काही नाही, जितकं खेचाल तितकं वाढत जातं आणि शेवटच्या इंचाला सगळ्यात जड. सरावाला साठ बाण मारले तर २५ पाउंडाने दीड हजार पाउंड खेचून होतात, ४५ ने सत्तावीसशे. त्या सत्तावीसशेतले शेवटचे हजार तुम्ही चुकीच्या फॉर्मने खेचणार, कारण दमलेलं शरीर चोरवाटा शोधतं, खांदा वर येतो, मान वाकते, अँकरला, म्हणजे हनुवटीपाशी हात टेकवायच्या ठरलेल्या जागी, पोचायच्या आत बोटं सुटतात. आणि ही सवय एकदा लागली की मोडायला फार वेळ जातो.

दुकानात तपासायचं सोपं आहे. धनुष्य समोर आडव्या रेषेत ठेवून, वर आभाळाकडे न उचलता, खेचा. अँकरपर्यंत आणा आणि दहा अंक मोजा. हात थरथरला तर ते तुमच्यासाठी जड आहे. मग हळूहळू परत सोडा, दोरी हातातून सुटू द्यायची नाही. बाण न लावता दोरी सोडणं म्हणजे ड्राय फायर, जी ताकद बाणात जायची ती सगळी लिम्बमध्ये परत जाते, एका झटक्यात चिरा पडू शकतात किंवा लिम्ब तुटून तोंडावर येऊ शकतो. दुकानातलं धनुष्य हातात घेऊन टण्ण करून वाजवणारी माणसं मी पाहिलीत आणि दुकानदाराचा चेहराही पाहिलाय.

जड धनुष्याचं वेड कुठून येतं ते मला कळतं. इंग्लंडचं मेरी रोझ जहाज १५४५ साली बुडालं, १९८२ मध्ये वर काढलं, त्यात शेकड्याच्या वर लाँगबो, म्हणजे लांब सरळ लाकडी धनुष्यं, सापडले आणि त्यांचं ड्रॉ वेट शंभर ते एकशे ऐंशी पाउंडांपर्यंत असावं असा अभ्यासकांचा अंदाज आहे. असं वाचलं की ४५ पाउंड म्हणजे किस झाड की पत्ती वाटायला लागतं. पण ते तिरंदाज लहानपणापासून तेच करत आलेले, त्यांच्या हाडांवर त्याच्या खुणा उमटलेल्या, आणि आपण दिवसभर खुर्चीत बसून माऊस हलवणारी माणसं.

लांबीचं थोडक्यात. ड्रॉ लेंथ २९ पर्यंत असेल तर ६२ इंची ठीक. त्यापेक्षा जास्त असेल तर ६६ किंवा ६८ बघा. आखूड धनुष्य जास्त खेचलं की शेवटच्या दोन इंचात एकदम दगडासारखं कडक होतं आणि दोरीचा कोन इतका तीव्र होतो की बोटं चिमटीत सापडतात. लांब धनुष्य शिकायला नेहमी मऊ आणि माफ करणारं असतं, आखूड दिसायला भारी असतं, एवढाच काय तो फरक.

डावं की उजवं? हात कुठला चालतो यापेक्षा डोळा कुठला चालतो ते बघा. दोन्ही हातांची बोटं जोडून मधे छोटी खिडकी करा, लांबची एखादी वस्तू त्यातून बघा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला वस्तू खिडकीतच दिसत राहते तो तुमचा मुख्य डोळा. उजवा असेल तर उजव्या हाताचं धनुष्य, म्हणजे डाव्या हातात धरायचं आणि उजव्याने खेचायचं. ऑर्डर करताना इथे लोक हमखास उलटं टिकमार्क करतात, आणि शेल्फ (रायझरवरची बाण टेकवायची खाच) एकाच बाजूला कापलेली असते त्यामुळे धनुष्य उलटं धरून भागत नाही.

लाँगबो आणि हॉर्सबो यांच्याबद्दल विचारणारे असतातच. लाँगबो मला स्वतःला फार आवडतं, दिसतंही देखणं, पण पहिलं म्हणून वन-पीस घेतलं की ताकद वाढल्यावर दुसरं अख्खं धनुष्य घ्यावं लागतं. परवडत असेल आणि जीव त्यातच अडकला असेल तर घ्या, फक्त हलकं घ्या. हॉर्सबो, म्हणजे तुर्की, मंगोल, हंगेरियन, कोरियन ढंगाची आखूड वळलेली धनुष्यं, फायबरग्लासची आता बऱ्यापैकी स्वस्त मिळतात आणि टिकतातही. पण त्यांना शेल्फ नसते, बाण थेट हाताच्या मुठीवरून जातो, पिसाने कातडी सोलू नये म्हणून धनुष्याच्या हातालाही ग्लोव्ह लागतो, आणि अंगठ्याने खेचायची पद्धत शिकायची असेल तर अंगठी, बाणाची बाजू, सगळंच उलटं. कोरियात याच ढंगाच्या धनुष्याने १४५ मीटरवरचं टार्गेट मारतात, त्यामुळे खेळणं समजू नका. फक्त शिकवणारं कोणी जवळ असेल तरच त्या वाटेला जा, नाहीतर नुसते व्हिडिओ बघून अंगठा सुजवून घ्याल.

आता तो ऑल-इन-वन किट नावाचा डबा. धनुष्य, तीन किंवा सहा बाण, हाताला आर्मगार्ड, बोटांना टॅब, बाण ठेवायला क्विव्हर, सगळं एकात, फोटोत काय छान दिसतं. माझं मत तिखट आहे. डब्यातलं धनुष्य बऱ्याचदा ठीकठाक असतं, पण बाण जवळजवळ नेहमी चुकीचे असतात. फायबरग्लासचे जाड जड बाण, मागे पिसांऐवजी प्लास्टिकचे व्हेन, ड्रॉ वेट २० असो की ४० बाण तेच. स्ट्रिंगर, म्हणजे धनुष्याला दोरी चढवायचं साधन, जो खरंच लागतो, तो नसतो. टॅब इतका पातळ की चौथ्या फेरीत बोटं बोलायला लागतात. घरच्या मुलांना सुट्टीत खेळायला म्हणून घेताय तर घ्या, शिकायचं म्हणून घेताय तर सुटं सुटं जमवा, बेरीज थोडीच जास्त होते. किट घेऊन झालंच असेल तर निदान बाण तरी वेगळे घ्या.

आणि आता बाण, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसले. साधं धनुष्य आणि जुळणारे बाण यांनी ग्रुप पडतो, म्हणजे बाण जवळजवळ लागतात, उत्तम धनुष्य आणि न जुळणारे बाण यांनी पडत नाही, आणि तरीही लोक बजेटचा नव्वद टक्के भाग धनुष्यावर उडवून उरलेल्या चिल्लरमध्ये बाण शोधतात.

बाण किती वाकतो याला स्पाईन म्हणतात. कार्बन आणि अॅल्युमिनियमच्या बाणांचं असं मोजतात: २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर बाण ठेवायचा, मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगायचं, आणि अर्धा इंच खाली झुकला तर तो ५०० स्पाईनचा, पाऊण इंच झुकला तर ७५० चा. म्हणजे आकडा जितका मोठा तितका बाण मऊ, हे उलटं असल्यामुळे सगळे पहिल्यांदा गोंधळतात. हे वाकणं का लागतं, तर बाण धनुष्याच्या अगदी मधून जात नाही, रायझरच्या कडेने जातो, दोरी मात्र मधल्या रेषेकडे धावते, त्यामुळे सुटताना बाण आधी वाकतो, धनुष्याला वळसा घालतो, मग उलटा वाकतो आणि असा सापासारखा डुलत पुढे जाऊन सरळ होतो. याला आर्चर्स पॅराडॉक्स म्हणतात आणि स्लो मोशनमध्ये बघण्यासारखा प्रकार आहे. बाण जास्त कडक असेल तर वळसा घालतच नाही, उजव्या हाताच्या तिरंदाजाचे बाण डावीकडे जायला लागतात. जास्त मऊ असेल तर उजवीकडे. नवशिक्याला वाटतं आपला रिलीज, म्हणजे दोरी सोडणं, वाईट आहे, आणि तो महिनोन् महिने रिलीज दुरुस्त करत बसतो, हे म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून आपलं अक्षर सुधारायला बसण्यासारखं झालं.

२५ पाउंडाच्या आसपासच्या धनुष्याला आणि २८-२९ इंची बाणाला ७०० ते ९०० मधलं स्पाईन लागतं, ३० पाउंडाला ६०० ते ७००. बाण बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीचा तक्ता असतो, तोच बघा, फक्त एक ध्यानात ठेवा की काही तक्ते कंपाउंडसाठी असतात आणि ते पाहून घेतलेला बाण आपल्याला हमखास कडक पडतो. दुकानात पटकन सापडणारे ४०० आणि ५०० चे बाण मुख्यतः कंपाउंडवाल्यांसाठी असतात. दुकानदार म्हणेल चालतं हो, सगळे नेतात. नका नेऊ. बाण पूर्ण लांबीचे घ्या, कापून घेऊ नका, कारण आखूड केला की बाण कडक होतो आणि लांब ठेवला की मऊ, शिवाय टोकाला जड पॉइंट (बाणाचं धातूचं टोक) लावला की आणखी मऊ वागतो, म्हणजे लांबी आणि १००-१२५ ग्रेनचे (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) वेगवेगळे पॉइंट हाताशी असतील तर बरीच जुळवाजुळव घरी करता येते. कापलेला परत जोडता येत नाही. आणि पूर्ण खेचल्यावर बाणाचं टोक शेल्फच्या पुढे किमान एक इंच उरलं पाहिजे, नवशिक्याला दोन, कारण टोक शेल्फच्या आत आलं आणि तसाच सोडला तर तो हातात घुसतो.

हलका बाण वेगात जातो म्हणून अगदी हलका घ्यायचाही मोह असतो. पारंपरिक धनुष्याला पाउंडाला आठ ते दहा ग्रेन वजनाचा बाण बरा मानतात, म्हणजे ३० पाउंडाला २४० ते ३०० ग्रेन, ग्रॅममध्ये साडेपंधरा ते साडेएकोणीस. फार हलका बाण म्हणजे धनुष्याच्या दृष्टीने अर्धं ड्राय फायरच, आवाज वाढतो, धक्का वाढतो, लिम्बचं आयुष्य कमी होतं.

मटेरियल कुठलं घ्यायचं यावर माझं उत्तर आहे कार्बन, साधे, सगळ्यात स्वस्त रांगेतले, पण स्पाईन बरोबर असलेले. सरळ असतात आणि सरळच राहतात, वाकले तर तुटतात पण वाकडे राहून फसवत नाहीत. मात्र प्रत्येक वेळी, आणि विशेषतः बाण दगडावर किंवा दुसऱ्या बाणावर आपटला असेल तर, दोन्ही टोकं धरून तो थोडा वाकवायचा, चारी बाजूंनी, आणि करकर आवाज येतो का ऐकायचा. आला तर तो बाण तोडून कचऱ्यात, कारण चीर पडलेला कार्बन दोरीवर फुटला की त्याच्या कुसळ्या हातात जातात आणि काढणं महामुश्कील. अॅल्युमिनियमही छान, एकसारखे असतात, त्यांच्यावर १७१६ असा आकडा असेल तर त्याचा अर्थ जाडी इंचाच्या सतरा चौसष्टांश आणि नळीची भिंत इंचाच्या सोळा हजारांश, पण जमिनीवर आपटले की वाकतात आणि थोडासा वाकलेला बाण डोळ्याला दिसत नाही. टेबलावर लोळवून बघायचे. लाकडी बाण सुंदर, त्यांचा वास, त्यांचा आवाज, सगळंच वेगळं, पण हाताने निवडून एकसारख्या वजनाचे आणि स्पाईनचे घ्यायचे तर महाग, आणि न निवडलेले स्वस्त घेतले तर डझनातले प्रत्येकाचे स्वभाव वेगळे. वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या लाँगबो प्रकारात लाकडीच बाण लागतात, तिकडे जायचं असेल तेव्हा बघू.

मागे पिसं हवीत, प्लास्टिक नाही. शेल्फवरून थेट बाण मारताना पीस दबतं आणि निघून जातं, प्लास्टिकचं व्हेन आपटतं आणि बाण उडवतं. प्लास्टिकच लावायचं तर बाण टेकवायला उंच रेस्ट लावावी लागते. एका बाणावरची तिन्ही पिसं पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखाची असायला हवीत, डाव्या किंवा उजव्या, मिसळ नको. पावसात पिसं ओली होऊन चिकटतात हा त्यांचा एकच खरा तोटा. आणि सहा तरी घ्याच, बारा घेता आले तर उत्तम, पहिल्या काही महिन्यांत गवत एवढे बाण गिळतं की कुठे जातात देव जाणे.

किरकोळ सामानातलं सगळ्यात पहिलं म्हणजे स्ट्रिंगर, दोरी चढवायची दोरी. पायात अडकवून, मांडीवर वाकवून धनुष्याला दोरी चढवणारे लोक असतात आणि ते फार आत्मविश्वासाने चढवतात, पण त्यात लिम्ब पिळला जातो आणि पिळलेला लिम्ब सरळ होईलच असं नाही, निसटला तर तोंडावर बसतो ते वेगळंच. स्ट्रिंगर ही या अख्ख्या यादीतली जवळपास सगळ्यात स्वस्त वस्तू आहे. बोटांना टॅब की ग्लोव्ह, ज्याचं त्याने ठरवावं. ग्लोव्ह घातला की विसरता येतो, टॅबने रिलीज साफ येतो, मी टॅबवाली आहे. चामड्याचा नवा टॅब कडक लागतो, वापरून मऊ होतो. आर्मगार्ड साधा कुठलाही चालेल पण घाला, दोरी कोपराच्या आतल्या बाजूला एकदा लागली की निळा-जांभळा डाग आठवडाभर राहतो, आणि वाईट म्हणजे पुढच्या बाणापासून शरीर आपोआप चोरायला लागतं. दोरीवर नॉकिंग पॉइंट, म्हणजे बाण अडकवायच्या जागेची खूण, बसवलेला नसेल तर बसवून घ्या, काटकोनापेक्षा अर्धा इंच वर इथून सुरुवात करा, त्याशिवाय दर वेळी बाण वेगळ्या उंचीवर लागतो आणि मग वरखाली का जातोय ते कळत नाही. ब्रेस हाईट, म्हणजे दोरी आणि ग्रिप यांच्यातलं अंतर, सेजसारख्या ६२ इंची धनुष्याला साडेसात ते सव्वाआठ इंच. कमी असेल तर दोरी काढून तिला आणखी पीळ द्या, जास्त असेल तर उलगडा. जुन्या किंवा टोकाला मजबुती नसलेल्या धनुष्याला डॅक्रॉनचीच दोरी, ती थोडी ताणते म्हणून लिम्बला सांभाळते. फास्टफ्लाइट प्रकारची न ताणणारी दोरी फक्त कंपनीने चालेल म्हटलं असेल तरच.

टार्गेटला सुरुवातीला पैसे घालायची गरजच नाही. मोठं पोतं घ्या, त्यात जुने कपडे, चिंध्या, प्लास्टिकच्या पिशव्या दाबून दाबून भरा, बटणं आणि चेन कापून टाका, हलक्या धनुष्याचे साधे फील्ड पॉइंट ते मस्त अडवतं आणि बाण दोन बोटांनी निघतो. विकतचं थरांचं फोम टार्गेटही छान टिकतं. पण मागे काय आहे हे टार्गेटपेक्षा जास्त महत्त्वाचं. मातीचा बांध किंवा भिंतीपुढे तिरंदाजीची जाड जाळी हवी, झुडपं म्हणजे बॅकस्टॉप नाही. वीस पाउंडाच्या धनुष्याचा बाणही माणसाला गंभीर जखम करू शकतो, त्यामुळे जाता-येता रस्ता असलेली जागा असेल तर सरळ क्लबच्या रेंजवर जा. आणि पहिले पाच-सात मीटरवरूनच मारा, लांबून मारायची घाई करू नका, जवळून मारताना बाण शोधावे लागत नाहीत आणि चूक सामानाची आहे की आपली ते लगेच कळतं.

जुनं धनुष्य मिळत असेल तर नक्की बघा, टेकडाऊन लिम्ब तर हलके असल्यामुळेच विकायला निघतात, मालकाची ताकद वाढलेली असते, म्हणजे आपल्याला हवे तेच स्वस्तात. बघताना लिम्बवरून कापसाचा बोळा फिरवा, कुठे धागा अडकला तर तिथे फायबरग्लास उचकटलाय. आडव्या रेघा असतील तर नको, उभ्या बारीक रेषा रंगातल्या असू शकतात पण विकणाऱ्यासमोरच खेचून बघा. लिम्बच्या टोकाचे खाचे, बोल्टची भोकं, दोरी चढवल्यावर लिम्बला पीळ पडतोय का, हेही बघा. वर्षानुवर्षं दोरी चढवूनच भिंतीला टांगलेलं किंवा उन्हात गाडीत राहिलेलं धनुष्य कितीही देखणं असलं तरी सोडा. बाण मात्र जुने घेऊ नका, त्यांच्यावर काय काय बेतलंय ते कळायला मार्ग नसतो.

स्पर्धेचा विचार डोक्यात असेल तर मात्र माझी शिफारस बदलते. मग सुरुवातीलाच स्वस्तातला धातूचा आयएलएफ रायझर बघा. आयएलएफ म्हणजे लिम्ब बसवायची एक ठरलेली पद्धत, कुठल्याही कंपनीचा रायझर आणि कुठल्याही कंपनीचे लिम्ब एकमेकांना बसतात. २५ इंची रायझर आणि मीडियम लिम्ब लावले की ६८ इंची धनुष्य होतं, आणि बोल्ट फिरवून ड्रॉ वेट साधारण दहा टक्के वरखाली करता येतं, लाकडी टेकडाऊनमध्ये ही सोय नाही. बेअरबो नावाच्या स्पर्धा-प्रकारात साईट चालत नाही, दांडे चालत नाहीत, आणि दोरी उतरवलेलं धनुष्य १२.२ सेंटीमीटरच्या कड्यातून आरपार जायला हवं असा नियम आहे. लाकडाची ऊब त्यात नाही हे मान्य, पहिला खर्चही थोडा जास्त.

लाकडी टेकडाऊनवाल्यांनी पुढचे लिम्ब कधी घ्यायचे? सरावाच्या शेवटच्या फेरीतही अँकरला नीट थांबता येतंय आणि खांदा खाली राहतोय असं काही महिने सातत्याने दिसलं की पाच पाउंड वाढवा, दहा नको. लिम्ब वाढवले की बाणही परत बघावे लागतात, २५ ला जुळलेला ८०० चा बाण ३० ला मऊ पडून उजवीकडे जायला लागेल, आधी पॉइंट हलका करून किंवा बाण अर्धा-अर्धा इंच कापून बघा, नाही जमलं तर नवे. आणि जुने हलके लिम्ब विकून टाकू नका. आजारपणानंतर, महिनाभर सुट्टी पडल्यावर, किंवा फॉर्म बिघडला म्हणून परत मुळापासून बसवायचा असेल तेव्हा तेच लागतात, आणि त्यांचे बाणही त्यांच्यासोबतच बांधून ठेवा.